गाडीचा चातुर्मास

मे महिना अर्धा सरला की मुंबईतल्या प्रत्येक घरात त्याच त्या गप्पा सुरू होतात. छत्र्या बाहेर काढा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घ्या, यंदा नाले साफ झालेत की नुसतेच फोटो काढलेत, वगैरे वगैरे. आमच्या मुलुंडच्या घरात मात्र यात एका वेगळ्याच प्रश्नाची भर पडते.

‘गाडी कधी झोपवायची?’

दचकू नका! ही गाडी म्हणजे आमची पांढरी प्रीमियर पद्मिनी. मॉडेल १९८५. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही आणि काच खाली करायला चक्क हाताने हँडल फिरवायचं. माझ्या ऑफिसातल्या एका इंटर्नने ते हँडल बघून, ‘हे कशाचं आहे?’ असं अगदी निरागसपणे विचारलं होतं. बिचारीचा जन्म २००३ चा.

बाबांनी ही गाडी घेतली तेव्हा मारुती ८०० रस्त्यावर येऊन दोनच वर्षं झाली होती. बाबांच्या बँकेतली निम्मी मंडळी मारुतीसाठी नंबर लावून बसलेली आणि बाबांनी कर्ज काढून घेतली फियाट. हो, फियाटच! कारण कागदोपत्री नाव काहीही असो, मुंबईने तिला कायम फियाटच म्हटलं. त्यात चूक काहीच नाही. वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० वरून ही गाडी बनायला लागली. १९६४ मध्ये ती ‘डिलाइट’ होती, १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली. पुढे तीच काळीपिवळी झाली आणि सगळ्या मुंबईची झाली. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. म्हणजे २०२३ चा ऑक्टोबर संपता संपता तीही गेली.

तेव्हापासून आमच्या गाडीचा भाव एकदम वधारलाय. सिग्नलला शेजारच्या एसयूव्हीतून लोक काच खाली करून विचारतात, ‘विकायची आहे का?’

तिकडे थंडी, इकडे पाऊस

माझा एक मावसभाऊ इंग्लंडात लीड्सला असतो. त्याच्याकडे जुनी एमजी आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास तो तिला गॅरेजमध्ये घालतो आणि थेट मार्च-एप्रिलमध्ये बाहेर काढतो. मला आधी वाटायचं, थंडीमुळे असेल. तर नाही. तिकडे बर्फ जमू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ आणि ओल मिळून जुन्या गाडीचा पत्रा खातात. म्हणून हिवाळाभर गाडी बंद. ‘गाडी सध्या रस्त्यावर नाही’ असं सरकारला कळवायची सोयसुद्धा आहे तिकडे.

आपल्याकडे हिवाळा हा जुन्या गाडीचा सुखाचा काळ. डिसेंबरात लोणावळ्याला चला, इंजिन तक्रार म्हणून करणार नाही. आपला वैरी जूनमध्ये येतो. मीठ टाकायला माणूस लागत नाही, खाडीवरची खारी हवा आहेच. साधारण साठ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की लोखंड गंजायचा वेग वाढतो म्हणतात. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवा साठ टक्क्यांच्या खाली येते कधी?

आणि आमच्या बाईसाहेबांची आणखी एक गोम आहे. जुन्या जीपला किंवा ट्रकला खाली जाडजूड चासी असते, वरचं अंग कुजलं तर बदलता येतं. पद्मिनीला वेगळी चासी नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. म्हणजे दाराखालची पट्टी किंवा फ्लोअर सडला तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही. गाडीचा कणाच जातो.

म्हणून चातुर्मास! देव आषाढी एकादशीला झोपतात, आमची गाडी त्याच्याही आधी. मृग लागायच्या आत.

बाबांची डायरी

हे सगळं शास्त्र बाबांच्या एका डायरीत आहे. बँकेची डायरी, निळ्या रेक्झिनची. १९८६ पासून दर वर्षाचं एक पान. डावीकडे कामं, उजवीकडे तारखा आणि खर्च. शेवटी एक ओळ शेरा. ‘१९९३. डिकीत पाणी. स्टेपनीखालचा पत्रा बघणे.’ ‘२००१. उंदीर! वायरिंग ४०० रु.’ आणि २००५ च्या पानावर फक्त ‘२६ जुलै’. बाकी काही नाही.

त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. मी तेव्हा तेरा वर्षांची. आमच्या कंपाउंडमध्ये गाडीच्या सीटपर्यंत पाणी चढलं होतं. गाडी पुन्हा सुरू व्हायला तीन महिने लागले. त्यानंतर बाबांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तासभर भांडून आमच्या पार्किंगच्या जागी विटांचा नऊ इंची ओटा बांधून घेतला. त्यावर लोक खूप हसले. ‘गाडीला देवघर बांधताय का?’ असं तळमजल्यावरचे काका म्हणाल्याचं मला आजही आठवतंय.

२०२३ मध्ये बाबांना पार्किन्सन्सचं निदान झालं. आधी सही बिघडली. मग चहाचा कप बशीत वाजायला लागला. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं त्या दिवशी घरी येऊन त्यांनी गाडीची किल्ली टीव्हीशेजारी ठेवली आणि बातम्या लावल्या. त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. पहिली दोन वर्षं कुर्ल्याहून आमचे मेकॅनिक चाचा यायचे, सगळं करून जायचे. २०२५ च्या एप्रिलमध्ये चाचांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ते फोनवर म्हणाले, ‘बेटी, इस बार तू कर. गाडी चलाने से नहीं मरती, खडी रखने से मरती है.’

म्हणजे ती डायरी आता माझ्याकडे. मी बीकेसीत बसून दिवसभर एक्सेल शीट्स भरणारी मुलगी. स्पॅनर कुठल्या बाजूने धरायचा, इथपासून तयारी!

पाऊस आधी, तयारी नंतर

डायरीप्रमाणे मी जूनच्या पहिल्या वीकेंडचा बेत केला. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून. भरपूर वेळ होता. पण २०२५ मध्ये पावसाने कुणाच्याच डायरीला जुमानलं नाही. २६ मेला, सोमवारी सकाळी, तो येऊन धडकला. तब्बल सोळा दिवस आधी! ऑफिसमध्ये सगळे लोकल बंद आहेत का, मेट्रो चालू आहे का ते बघत होते आणि मी बघत होते ताडपत्रीचे भाव.

पहिली उघडीप मिळाली त्या रविवारी आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे मी जमिनीवर आणि बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत.

‘आधी दारं बघ,’ बाबा म्हणाले. प्रत्येक दाराच्या तळाशी पाणी निघून जायला छोटी भोकं असतात. वर्षभराच्या धुळीने ती बुजतात, मग काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी दारातच साठतं आणि दार आतून कुजतं. खराट्याच्या काडीने ती आठही भोकं मोकळी केली. मग काचांची रबरी बीडिंग. जिथे रबर कडक झालंय तिथून पाणी आत येणारच. मग आतले रबरी मॅट्स काढून घरात. त्यांच्याखाली ओल राहिली तर फ्लोअर गेलाच म्हणून समजा.

गाडी ओट्यावर चढवून पहिल्या गिअरमध्ये ठेवली, चाकांना लाकडी ठोकळे लावले.

‘हँडब्रेक ओढू?’

‘अगं, मुळीच नाही! चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. दमट हवेत महिनाभर हँडब्रेक ओढलेली राहिली तर शू ड्रमला चिकटून बसतील. मग गाडी हलवायला पैलवान बोलवावा लागेल.’

टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा, म्हणजे एकाच जागी उभं राहून ते बसत नाहीत. बॉनेटच्या आत तंबाखूच्या पानांच्या पुरचुंड्या, उंदरांसाठी. डांबराच्या गोळ्या डिकीत. बॅटरी काढून वर गॅलरीत. मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट दिसले की पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे निम्मी संपली. हे आता मला पाढ्यासारखं पाठ आहे.

आणि कव्हर. बाजारात चकचकीत प्लॅस्टिकची कव्हरं मिळतात, ‘वॉटरप्रूफ’ म्हणून. बाबा त्यांना ‘प्रेशर कुकर’ म्हणतात. पाणी बाहेरून येत नाही हे खरं, पण आतली वाफही बाहेर जात नाही आणि गाडी आतल्या आत घामेजते. आमच्या गाडीचं कव्हर आईच्या जुन्या सुती साड्यांचं आहे, गोधडीसारखं शिवलेलं. त्याच्या वर दोन-अडीच फुटांवर बांबूच्या चौकटीवर निळी ताडपत्री. वरून पाऊस अडतो, मधून वारा खेळतो. आई म्हणते, ‘माझ्या लग्नातल्या सातही साड्या त्या सवतीने नेसल्या.’

दर पंधरा दिवसांनी

पण चातुर्मास म्हणजे कुंभकर्णाची झोप नव्हे. दर पंधरा दिवसांनी उघडीप बघून गाडी बाहेर काढायची. इथे बरेच जण काय करतात, खाली येतात, गाडी सुरू करतात, पाच मिनिटं घुरघुरू देतात आणि बंद करून वर जातात. याचा उपयोग कमी, तोटाच जास्त. पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते. इंजिन नीट तापलं नाही तर ती वाफ बाहेर पडत नाही, ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते. म्हणून अर्धा-पाऊण तास चालवायचीच. क्लच, ब्रेक, गिअर सगळ्यांना व्यायाम.

पेट्रोलचं तर एक नवंच प्रकरण आहे. बाबांचा जुना नियम, ‘पावसाळ्यात टाकी फुल्ल’. टाकीत रिकामी जागा कमी, म्हणजे दमट हवा कमी, म्हणजे गंज कमी. पण हल्ली पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि १९८५ च्या रबराशी त्याचं अजिबात पटत नाही. म्हणून चाचांनी आधीच पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा बदलून ठेवला होता. नियमात मी एक ओळ वाढवली. टाकी फुल्ल, पण तेच पेट्रोल चार महिने साठवायचं नाही. चालवायचं, संपवायचं, ताजं भरायचं.

आमचा रूट ठरलेला. मुलुंडहून ऐरोलीच्या पुलावर, तिथून वळून परत. ऑक्टोबर २०२४ पासून तिथला टोलही गेलाय. पहिल्या फेरीला बाबा शेजारी बसले. डावा हात गुडघ्यावर थरथरत होता. पुलावर त्यांनी एकदम मान तिरकी केली.

‘एक सिलिंडर मिस करतंय. ऐकू येतंय का?’

मला फक्त आवाज ऐकू येत होता. नुसता फियाटचा आवाज.

‘दर चौथ्या ठोक्याला जरा अडखळते बघ. घरी गेल्यावर डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढून कोरड्या फडक्याने पूस. ओल असणार.’

होतीच. जुलैच्या तिसऱ्या फेरीत तो अडखळणारा ठोका मला त्यांच्या आधी ऐकू आला. मी काहीच बोलले नाही, फक्त त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. खरं सांगते, अप्रेझलमध्ये ‘एक्सलंट’ मिळालं तेव्हाही इतकं भारी वाटलं नव्हतं.

दादाचा फोन

ऑगस्टच्या १८ आणि १९ तारखा तुम्हालाही आठवत असतील. मुंबई पुन्हा तुंबली, मिठी नदीकाठच्या लोकांना हलवावं लागलं, मोनोरेल मध्येच अडकून बसली. आमच्या कंपाउंडमध्ये पाणी ओट्याच्या कडेपर्यंत आलं. विटांची शेवटची रांग तेवढी दिसत होती. तळमजल्यावरचे काका आपली ॲक्टिव्हा ओट्यावर ठेवू का, असं विचारायला आले. बाबा म्हणाले, ‘ठेवा की. देवघर आहे, सगळ्यांना जागा आहे.’

त्याच आठवड्यात बातमी आली. वीस वर्षांवरच्या मोटारींची नोंदणी पुढे वाढवायचं शुल्क केंद्राने पाच हजारांवरून दहा हजार केलं. आमच्या गाडीची नोंदणी नोव्हेंबरमध्ये संपत होती. आणि पुण्याहून दादाचा फोन आला.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. तो आणि गाडी एकाच वर्षातले. त्याचं म्हणणं साधं होतं आणि, प्रामाणिकपणे सांगायचं तर, चुकीचंही नव्हतं.

‘हे बघ, दहा हजार फी, वर ग्रीन टॅक्स, नवी नंबरप्लेट, इन्शुरन्स, चाचांचा खर्च. फिटनेसमध्ये नापास झाली तर सगळं पाण्यात. त्यापेक्षा स्क्रॅप करू. सर्टिफिकेट मिळतं, नव्या गाडीच्या टॅक्सवर सवलत मिळते. तुला एक छान ऑटोमॅटिक घेऊ. बाबांना बसायलाही सोपी.’

‘दादा, अरे ती व्हिंटेज होईल ना!’

‘केव्हा? नियम वाचलायस का?’

वाचला होता. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झाल्याशिवाय व्हिंटेज नाही. म्हणजे २०३५. तिकडे इंग्लंडात चाळीस वर्षं झाली की गाडी ‘हिस्टॉरिक’ ठरते आणि रोड टॅक्स माफ होतो. इथे आमची चाळिशीची बाई म्हातारी म्हणून दंड भरते आणि तरुण म्हणून मान मिळत नाही. चाळिशीतल्या कुठल्याही बाईला विचारा, तिला हे लगेच कळेल.

त्या रात्री बाबा जेवता जेवता म्हणाले, ‘दादा बरोबर बोलतोय. माझ्यासाठी ठेवत असशील तर देऊन टाक. माझं चालवून झालंय.’

आईने वाढता वाढता हात थांबवला.

मला पटकन काहीतरी गोड बोलता आलं असतं. पण ते त्यांना कळलं असतं. मी विचार केला. जूनपासून दर दुसऱ्या रविवारी मी खाली जात होते ती कुणासाठी? सुरुवातीला त्यांच्यासाठी, हे नक्की. पण जुलैत तो ठोका ऐकू आला तेव्हापासून?

‘तुमच्यासाठी नाही ठेवत, बाबा,’ मी म्हटलं. ‘मला ती आता झोपवता येते. नीट उठवता येते का, ते बघायचंय.’

बाबांनी ताकाची वाटी दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावली. खाली ठेवल्यावर म्हणाले, ‘मग ब्रेक ऑइल बदलावं लागेल. ते पाणी पितं. पावसाळ्यानंतर जुनं ठेवायचं नाही.’

विषय संपला.

उठी उठी

२ ऑक्टोबर २०२५ ला दसरा होता. मुंबईतून मान्सून परतायची नेहमीची तारीख ८ ऑक्टोबर, पण आमच्याकडे गाडी दसऱ्यालाच उठते. आदल्या रविवारी चाचा काठी टेकत स्वतः आले. इंजिन ऑइल बदललं, ब्रेक ऑइल बदललं, ड्रम उघडून साफ केले, पॉइंट्स घासले, ग्रीसिंग केलं. मग चाचा टॉर्च घेऊन खाली वाकले. गुडघा वाकेना, म्हणून टॉर्च माझ्या हातात दिला. मी आडवी होऊन सगळा फ्लोअर बोटाने ठोकून बघितला. चांगला पत्रा खणकन वाजतो, सडलेला भद्द वाजतो. उजव्या मागच्या चाकाजवळ तळहाताएवढा एक भाग भद्द वाजला. बाकी खणखणीत! तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड केला.

दसऱ्याला झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. चोक ओढला, दोनदा पॅडल दाबलं आणि दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू. दादा आला होता सणाला. तो गॅलरीतून बघत होता. दहा मिनिटांनी खाली आला आणि म्हणाला, ‘एक राउंड मारू का गं?’ ऐरोलीहून परत यायला त्याने दीड तास लावला. दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यात पाच हजार रुपये जमा झाले होते. मेसेज एवढाच, ‘निम्मी फी.’

नोव्हेंबरमध्ये आरटीओत ब्रेक, दिवे, हॉर्न, धूर सगळं तपासून झालं आणि पाच वर्षांसाठी नोंदणी वाढून मिळाली. रांगेत माझ्या पुढे-मागे सगळे पुरुष होते आणि प्रत्येकाने मला, ‘मॅडम, मिस्टर कुठेयत?’ असं विचारलं. असो!

तुमच्याही बिल्डिंगच्या कोपऱ्यात एखादी पद्मिनी, एखादी चेतक, एखादी लूना धूळ खात उभी असेल. ती ठेवा असं मी म्हणणार नाही. खर्च आहे, कटकट आहे, जागा नाही, सगळं मान्य. पण निर्णय घ्यायच्या आधी एक पावसाळा ती सांभाळून बघा. आणि ज्याने ती आजवर सांभाळली त्याला शेजारी खुर्ची टाकून बसवा. कारण पत्रा कुठे मिळतो ते कुणीही सांगेल, पण ठोका कुठे अडखळतो ते सांगणारी माणसं आता थोडी उरलीत.

२०२५ च्या पानावर मी शेरा लिहिलाय, ‘उजव्या मागच्या चाकाजवळ नवा पत्रा. बाकी ठीक.’ २०२६ च्या पानावर तारीखही घातली आहे, १५ मे. बाबांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, ‘दहा कर. आता पावसाचा भरवसा नाही.’